उद्यमनगरच्या मिस्त्रीनं पाहिलेली बुगाटी रॉयल

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे कुठल्या नजरेनं बघितलं ते कळेल. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं इंजिन बोअरिंगचं, म्हणजे झिजलेली सिलिंडरं आतून कातून नीट करायचं वर्कशॉप होतं. अडतीस वर्षं ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असतात ते इंजिनाचं धड, बोअर केले, लायनर बसवले, क्रँक ग्राइंड करून दिले. ट्रॅक्टर, ट्रक, विहिरीवरची ऑइल इंजिनं, सगळं हाताखालून गेलं. आता दुकान पुतण्या बघतो आणि मी मिशिगनमध्ये नोव्हायला मुलीकडं आलोय. जावई गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत इंजिनिअर आहेत. या डेट्रॉईटच्या पट्ट्यात आपली मराठी माणसं पुष्कळ, त्यातली बरीच गाड्यांच्याच धंद्यात. त्यांचे आईवडील उन्हाळ्यात इकडं येतात आणि "काय बघू?" म्हणून विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

डिअरबॉर्नला हेन्री फोर्ड म्युझियमला जा. नोव्हायपासून पाऊण तास लागतो. सकाळी साडेनऊला उघडतं, पाचला बंद होतं. उघडायच्या वेळीच पोचा, कारण आत गेल्यावर दिवस कमी पडतो. दर्शनी भाग फिलाडेल्फियाच्या इंडिपेंडन्स हॉलची हुबेहूब नक्कल आहे आणि आत एकच प्रचंड हॉल. जमीन सागवानाची, तिरप्या विणीत बसवलेली. एवढं सागवान एका जागी मी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. गुडघे दुखणाऱ्यांना लाकडी जमीन फार बरी, सिमेंटवर चालल्यासारखे पाय भरून येत नाहीत.

तिथं विमानं आहेत, शेतीची अवजारं आहेत, १९४१ सालचं अ‍ॅलेगेनी जातीचं वाफेचं रेल्वे इंजिन आहे. त्याच्या चाकाशी उभं राहिलं की माणूस काडीसारखा दिसतो. त्यावर वेगळं लिहावं लागेल. मी लिहिणार आहे ते एकाच गाडीबद्दल. तिच्यासाठी मी तिथं तीनदा गेलो.

बुगाटी रॉयल, टाइप ४१, चॅसी (गाडीचा सांगाडा) नंबर ४११२१. साय घट्ट झाल्यावर येतो तसा पांढरा रंग आणि त्याला गडद हिरव्याची जोड. दोन दाराची, कापडी टपाची गाडी. पहिल्यांदा बघितली तेव्हा डोळ्यांना तिचं माप लागेना. नेहमीच्या गाडीसारखीच आहे असं वाटत राहतं आणि शेजारी माणूस येऊन उभा राहिला की धक्का बसतो. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत ४.३ मीटर. म्हणजे आपल्याकडची एक चांगली मोठी मोटार नुसत्या दोन चाकांच्या मधे मावेल. वजन तीन टनांच्या वर. बॉनेट इतकं लांब की ड्रायव्हर बिचारा मागं कुठंतरी बसलाय असं वाटावं.

आता त्या बॉनेटखाली काय आहे ते सांगतो, कारण माझा जीव तिथंच अडकला. एका ओळीत आठ सिलिंडर. बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाची रुंदी, १२५ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, १३०. एकूण १२,७६३ सीसी. मारुती ८०० चं अख्खं इंजिन ७९६ सीसीचं असतं. या गाडीचा एकेक सिलिंडर त्याच्या दुप्पट, आणि असे आठ! आमच्या दुकानात टाटाच्या ट्रकचं ६९७ इंजिन सर्रास यायचं, त्याचा बोअर ९७ मिलिमीटर. ते ओझं ओढायचं इंजिन. इथं १२५ चा बोअर आहे तो चार माणसांनी फिरायला जायच्या गाडीत. नऊ मेन बेअरिंगवर फिरणारा क्रँक, डोक्यावर एक कॅमशाफ्ट, दर सिलिंडरला तीन व्हॉल्व्ह. ताकद तीनशे हॉर्सपॉवर सांगत, आणि तीही दोन हजारांच्या आत आरपीएमला. आवाज न करता, सावकाश फिरून एवढी ताकद द्यायची हा त्या माणसाचा विचार होता.

तो माणूस एत्तोरे बुगाटी. जन्म मिलानचा, कारखाना अल्सासमधल्या मोल्सहाइमला. कारखाना सुरू केला तेव्हा अल्सास जर्मनीत होता, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये आला. माणूस इटालियन, गाडी फ्रेंच. राजेरजवाड्यांसाठी पंचवीस रॉयल बांधायच्या असा त्याचा बेत होता. मग जगभर मंदी आली. पुऱ्या झाल्या फक्त सहा, आणि बाहेरच्या गिऱ्हाइकांना विकल्या गेल्या तीनच. राजा एकही मिळाला नाही. शिल्लक इंजिनं फुकट गेली नाहीत म्हणा, १९३३ पासून ती फ्रान्सच्या रेल्वेवर मोटारडब्यांना जोडली आणि त्यांनी हजारो साध्या उतारूंना वाहिलं. मला ही गोष्ट फार आवडते. इंजिन कामाला लागलं पाहिजे.

रॉयलच्या रेडिएटरच्या टोपणावर मागच्या पायांवर उभा राहून सोंड उंचावलेला हत्ती असतो. एत्तोरेचा भाऊ रेम्ब्रांट शिल्पकार होता, प्राण्यांच्या मूर्ती करायचा. तो १९१६ मध्येच तरुणपणी गेला. दहाएक वर्षांनी भावानं सगळ्यात मोठी गाडी बांधली आणि तिच्या माथ्यावर त्याचा हत्ती बसवला. आपण कुठलंही मशिन चालू करताना आधी गणपतीला नमस्कार करतो, त्यामुळं मला हे कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

त्या काळी अशा गाड्यांची रीत वेगळी होती. कारखाना इंजिन, चॅसी, चाकं एवढंच द्यायचा. बॉडी गिऱ्हाइकानं आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यायची. आपल्याकडं ट्रकची चॅसी घेऊन बॉडी बांधायला टाकतात, तसंच. आमच्या कोल्हापुरात दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक मोटार निघते, तीही त्याच जमान्यातली. तिच्याभोवती गर्दी करून आम्ही लहानाचे मोठे झालो, म्हणून चॅसी एकाची आणि बॉडी दुसऱ्याची हा प्रकार मला नवा नव्हता.

या गाडीचा पहिला मालक जोसेफ फुक्स, जर्मनीतला डॉक्टर. बायकांच्या दुखण्यांवर इलाज करणारा. त्यानं मोल्सहाइमहून चॅसी घेतली आणि म्युनिकच्या लुडविग वाइनबर्गरकडं बॉडी बांधायला दिली. तेव्हा ती काळी होती आणि तिला पिवळ्याची किनार होती. सगळा मिळून खर्च चाळीस हजार डॉलरांच्या वर गेला. त्याच सुमाराला फोर्डची मॉडेल ए पाचशे डॉलरांच्या आसपास मिळायची. एका डॉक्टरनं एवढे पैसे एका गाडीत का घातले असतील याचा मी विचार करत बसलो. पण आमच्याकडंही असे शेतकरी यायचे, घर गळतंय पण ट्रॅक्टरचं इंजिन पहिल्या प्रतीचं पाहिजे. हौस ही हौस असते.

पुढं जर्मनीत हिटलर आला आणि डॉक्टरनं देश सोडला. गाडी बरोबर घेऊन. स्वित्झर्लंड, इटली, मग थेट शांघाय, आणि तिथून शेवटी न्यूयॉर्क. तीन टनांची गाडी बोटीवर चढवायची, उतरवायची, पुन्हा चढवायची. घरदार सोडून निघालेला माणूस हलकं सामान घेतो. यानं सगळ्यात जड वस्तू घेतली. गाडीसमोर उभा होतो तेव्हा मला तिच्या किमतीपेक्षा हा प्रवासच आठवत राहिला.

न्यूयॉर्कमध्ये घात झाला. थंडीत इंजिनातलं पाणी गोठलं आणि ब्लॉक फुटला.

हे वाक्य वाचणाऱ्याला लहान वाटेल, मला नाही. पाणी गोठलं की फुगतं, आणि ब्लॉकच्या पोटातल्या पाण्याच्या पोकळीत फुगायला जागा नसते. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वाकत नाही, तडकतं. आमच्या हवेत पाणी गोठत नाही, पण फुटलेले ब्लॉक मी बघितलेत ते उलट कारणानं. शिरोळकडचा एक शेतकरी उसाच्या हंगामात ट्रॅक्टर घेऊन आला होता. इंजिन तापलं म्हणून त्यानं विहिरीचं गार पाणी वरून ओतलं होतं. ब्लॉकला वीतभर तडा. तो दुकानाच्या पायरीवर बसून राहिला, चहासुद्धा घेईना. आम्ही तडा शिवला. म्हणजे तड्याच्या रेषेवर ओळीनं भोकं पाडायची, आटे पाडायचे, तांब्याचे स्टड एकमेकांवर थोडे चढतील असे पिळायचे, वरून ठोकून सपाट करायचे आणि पाण्याचा दाब देऊन तपासायचं. दोन दिवस लागले. त्या ट्रॅक्टरनं पुढं सहा हंगाम ऊस ओढला.

पण त्या ट्रॅक्टरचं हेड, म्हणजे ब्लॉकवरचं झाकण, सुटं होतं. बुगाटीचं तसं नाही. रॉयलचा ब्लॉक आणि हेड एकाच ओतकामात आहेत, अखंड. वरून हेड काढून आत बघायची सोयच नाही. साधे व्हॉल्व्ह घासायचे तरी अख्खं इंजिन उतरवून खोलावं लागतं. याचा फायदा असा की हेड आणि ब्लॉकच्या मधली गॅस्केट जायचा प्रश्नच उरत नाही. तोटा असा की काही बिघडलं तर मिस्त्रीची कसोटी लागते. न्यूयॉर्कमध्ये त्या काळी या इंजिनाला हात घालणारा कोण मिळणार? सुटे भाग नाहीत आणि कारखाना समुद्रापलीकडं. गाडी ब्राँक्सच्या भंगारात गेली.

१९४३ साल. युद्ध चालू, अमेरिकेत लोखंडाचा तुकडान्‌तुकडा भंगारातून गोळा होत होता. त्या दिवसांत तीन टनांची मोडकी गाडी वितळवायला गेली नाही, कारण तिची खबर चार्ल्स चेन नावाच्या माणसाला लागली होती. हा फ्लिंटला ब्युइक या मोटार कंपनीचा चीफ इंजिनिअर. त्यानं चारशे डॉलरच्या आसपास देऊन ती उचलली, मिशिगनला आणली आणि युद्ध संपल्यावर कामाला घेतली. १९४७ पर्यंत ती धावायला लागली.

त्यानं काय केलं यावर जुन्या गाड्यांचे जाणकार अजून वाद घालतात, आणि माझंही त्यावर मत आहे. मूळ इंजिनाला पेट्रोल आणि हवेचं मिश्रण करणारा कार्ब्युरेटर एकच होता, त्यानं चार बसवले. ब्रेक मुळात यांत्रिक होते, त्यानं हायड्रॉलिक केले. काळा-पिवळा रंग जाऊन पांढरा-हिरवा आला. जाणकार म्हणतात, हे जीर्णोद्धार नव्हे, ही ढवळाढवळ झाली.

ब्रेकच्या बाबतीत मी चेनच्या बाजूनं आहे. तीन टन वजन आणि तीनशे हॉर्सपॉवर रस्त्यावर काढायचे तर थांबवायची हमी पाहिजे. तो ती गाडी रस्त्यावर चालवणार होता, आणि माझ्या दुकानात कुणी आलं असतं तर मीही हेच सुचवलं असतं. कार्ब्युरेटरचं मात्र मला पटत नाही. आठ सिलिंडरना एकाच कार्ब्युरेटरनं पुरवठा करायचा तर लांबच्या सिलिंडरला मिश्रण कमी पोचतं, हे खरं. चार लावले की वाटप सारखं होतं, हेही खरं. इंजिनिअर म्हणून त्याचं चुकलं नाही. पण बुगाटीनं एकाच कार्ब्युरेटरवर हे इंजिन शांत फिरवून दाखवलं होतं, तोच त्याचा हातखंडा. तो ऐकायला मिळायला हवा होता. दुसऱ्या मिस्त्रीनं जुळवलेलं काम खोलताना मी नेहमी आधी विचार करायचो, की यानं हे असं का केलं असेल? चेननं तो विचार केला असेल आणि तरी बदललं असेल. तो त्याचा हक्क होता, गाडी त्यानं मरणाच्या दारातून ओढून आणली होती.

रंगाबद्दल काय बोलू. मला तिला काळी बघायची फार इच्छा होती. आणि तरीही हा पांढरा रंग कुणी खरवडायला निघालं तर मी आडवा पडेन.

याचं कारण त्याच हॉलमध्ये आहे, आणि म्हणूनच मी म्हणतो की ही गाडी इथंच बघावी. थोडं चाललं की एक काळी लांबलचक लिंकन लागते. १९६३ मध्ये डल्लासला केनेडींवर गोळ्या झाडल्या तेव्हा ते याच गाडीत होते. लोकांना वाटतं ती त्या दिवशी होती तशीच जपून ठेवलीय. तसं नाही. तिला नंतर चिलखत बसवलं, कायमचं छप्पर केलं, निळा रंग जाऊन काळा आला आणि ती पुढच्या राष्ट्राध्यक्षांसाठी १९७७ पर्यंत वापरली. दुसऱ्या बाजूला माँटगोमेरीची बस आहे, रोझा पार्क्स या काळ्या बाई ज्या बसमध्ये १९५५ ला गोऱ्या उतारूसाठी जागेवरून उठल्या नाहीत ती, नंबर २८५७. ती वर्षानुवर्षं रानात उभी होती, सामान ठेवायची खोपी म्हणून वापरात. म्युझियमनं २००१ मध्ये लिलावात ४ लाख ९२ हजार डॉलर देऊन घेतली आणि १९५५ ला होती तशी करून उभी केली. तिच्यात चढता येतं, बसता येतं. मी बसलो. शेजारच्या सीटवर एक काळी आजी नातवाला हळू आवाजात काहीतरी सांगत होती. मी टोपी काढून मांडीवर ठेवली.

तीन गाड्या, तिघींची दुरुस्ती तीन तऱ्हेची. बसचं मोल एका दिवसात आहे, म्हणून तिला त्या दिवसावर परत नेलं, ते बरोबर. लिंकनचं मोल त्या दिवसातही आहे आणि नंतर देशानं तिचं काय केलं त्यातही, म्हणून तिला होती तशी सोडली, तेही बरोबर. आणि रॉयल? तिचं मोल म्युनिकच्या कारखान्यातून निघालेल्या काळ्या गाडीत जेवढं आहे तेवढंच ब्राँक्सच्या भंगारात आणि फ्लिंटच्या माणसाच्या हातात आहे. पांढरा रंग म्हणजे त्या माणसाची सही. ती पुसून मूळ रंग दिला तर डॉक्टर परत येईल, पण मिस्त्री पुसला जाईल. आमच्या धंद्यात मिस्त्री नेहमीच पुसला जातो. एक ठिकाण तरी असावं जिथं तो दिसतो.

आणि आता ते, ज्यासाठी मी या माणसाला मनातून हात जोडले. चेन पुढं जनरल मोटर्सचा व्हाइस प्रेसिडेंट झाला. फोर्डच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धक कंपनीचा. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यानं आणि त्याच्या बायकोनं, एस्थरनं, ही गाडी देऊन टाकली, ती हेन्री फोर्डनं उभारलेल्या म्युझियमला. पैसे न घेता. या गाडीची एक बहीण, केल्नर नावाच्या कारागिरानं बांधलेल्या बॉडीची, युद्धात बुगाटी घराण्यानं फ्रान्समधल्या एर्मेनोंव्हिलला भिंत बांधून लपवली होती. ती १९८७ मध्ये लंडनला पंचावन्न लाख पौंडांना गेली. चेननं दिलेली गाडी मात्र त्या हॉलमध्ये उभी आहे, कोल्हापूरच्या माणसालाही तिकीट काढून बघता येते. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात पेबल बीचला साही बहिणी एकत्र आणल्या होत्या, तेव्हा हीसुद्धा गेली होती. सहाच्या सहा आजही आहेत. एवढ्या युद्धातून आणि मंदीतून एकही गेली नाही.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पहिली, गाडी आधी बाजूनं बघा, मग समोरून. समोरून आधी बघितली तर रेडिएटरच लक्षात राहतो आणि लांबी हातातून निसटते. दुसरी, नातवंडं बरोबर असतील तर त्यांना आधी हॉट डॉगच्या आकाराची मोटार दाखवून आणा, वाइनरमोबिल म्हणतात तिला. तिथं पोरं हसून घेतात आणि मग रॉयलसमोर दहा मिनिटं शांत उभी राहतात. माझ्या नातवानं तिच्या चाकाशी उभा राहून फोटो काढून घेतला. चाक चोवीस इंची, पोरगं सहा वर्षांचं.

तो फोटो मी उद्यमनगरला माझ्या जुन्या पार्टनरला पाठवला. आम्ही दोघांनी एका मशिनवर तीस वर्षं काढलीत. तिकडं रात्र होती, तरी लगेच उत्तर आलं. गाडी कुणाची, किती लाखाची, काही नाही. "बोअर किती?"

मी लिहिलं, "एकशे पंचवीस. हेड अखंड आहे, सुटत नाही."

थोडा वेळ काहीच आलं नाही. मग आलं, "खालनं करावा लागंल. पण बसंल आपल्या मशिनवर."